साडेसातच्या गाडीतली लेकरं

अप-डाऊन करणाऱ्या माणसाकडे दोन डबे असतात. एक पोळीभाजीचा, तो दुपारी रिकामा होतो. दुसरा किश्शांचा, तो रोज भरत जातो आणि रिकामा करायला सवड मिळत नाही. आज माझा दुसरा डबा उघडते आहे, कारण आता त्याचं झाकणच लागत नाही!

मी मित्रा. हॉलंडमध्ये दोन वर्षं शिकून आले. विषय सार्वजनिक वाहतूक. परत येताना डोक्यात चित्र पक्कं होतं. आपल्या एसटीत धक्काबुक्की असणार, लेकुरवाळ्या बाईचे हाल असणार, आणि आपण गावाकडे जाऊन लोकांना शिष्टाचार शिकवायचे. आल्यावर धक्काबुक्की सापडली. हालही सापडले. शिष्टाचाराचा वर्गसुद्धा भरला. फक्त त्या वर्गात मास्तर दुसरेच होते आणि मी मागच्या बाकावर!

आमची गाडी युसूफ वडगावहून सकाळी साडेसातला सुटते आणि केज, नेकनूर, मांजरसुंबा करत बीडला जाते. माझं ऑफिस बीडला, म्हणून मी रोज या गाडीला. कंडक्टर शोभाक्का. ड्रायव्हर नाना, जे दिवसाला मोजून दहा शब्द बोलतात. सरकारी दवाखान्यात नोकरी करणाऱ्या एक नर्स, त्यांना सगळी गाडी सिस्टर म्हणते. बीडच्या स्टँडबाहेर फळांचा गाडा लावणारे रफिकचाचा बागवान. आणि कोर्टातले कारकून जोगदंड अण्णा. अण्णांना साहेब यायच्या आत टेबलावर त्या दिवशीचा बोर्ड, म्हणजे खटल्यांची यादी, ठेवायचा असतो. त्यामुळे गाडी कुठे दोन मिनिटं जास्त थांबली की ते मनगट वर करून सगळ्या गाडीला घड्याळ दाखवतात. या माणसापासून लेकुरवाळ्यांना जपलं पाहिजे, असं मी पहिल्याच आठवड्यात मनाशी ठरवून टाकलं होतं.

*

पहिल्याच महिन्यात मी अकरा कलमांची एक यादी केली. ‘लहान मुलांसह प्रवास करणाऱ्या कुटुंबांशी कसे वागावे.’ छापून, लॅमिनेट करून आणली, गाडीत लावायचा बेत होता. डेपोत द्यायच्या आधी आमच्या मंडळींना वाचून दाखवली.

“कलम एक. मूल रडत असल्यास त्याच्याकडे रोखून पाहू नये.”

“मंग कुणीकडं बघायचं?” सिस्टर म्हणाल्या. “रडतंय म्हणल्यावर बघावं लागतंय ना, काय चावलंय का ते.”

“कलम तीन. पालकांच्या परवानगीशिवाय मुलाला हात लावू नये.”

“अन पडाय लागलं तर?” शोभाक्का.

“कलम पाच. मुलाला खाऊ देण्यापूर्वी पालकांना विचारावे.”

रफिकचाचांनी पुढच्या सीटवरच्या पोराला द्यायला काढलेलं केळं हळूच पिशवीत परत ठेवलं. “बेटा, हे कलम जरा लई कडक हाय.”

जोगदंड अण्णांनी यादी हातात घेतली, उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटी केली. “अकरा कलमं हायत,” ते म्हणाले, “पर शिक्षा कुठंच लिव्हलेली न्हाई. हे लागू कसं करायचं?”

सगळी गाडी हसली. यादी पर्समध्ये गेली. कलम पाच मी अजून सोडलेलं नाही. एखाद्या लेकराला शेंगदाणासुद्धा बाधतो, हे मी चाचांना समजावून सांगितलं. तेव्हापासून चाचा विचारतात. आधी केळं देतात आणि मग विचारतात!

*

त्याच सुमाराची गोष्ट. नेकनूरला बाजार होता. गाडी थांबायच्या आत खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडायला लागल्या. आपल्याकडे सीट अशीच धरतात, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या खिडकीतून आलं ते सहा-सात महिन्यांचं बाळ!

खालून एक बाई म्हणाली, “धरा वो ताई, आले मी.” आणि गर्दीत नाहीशी झाली.

बाळ माझ्याकडे बघतंय, मी बाळाकडे बघतेय. गाडी सुटली. आई कुठे दिसेना. मांजरसुंब्याच्या अलीकडे ऑफिसचा फोन आला. पर्समधून फोन काढेपर्यंत बाळ जरा शेजारच्या मावशींकडे दिलं. दोन मिनिटांनी वळून बघते, तर मावशींचे हात रिकामे!

“बाळ कुठंय?” मी जवळजवळ किंचाळलेच.

“सिस्टरकडं दिलं.”

सिस्टर म्हणाल्या, “मागं गेलं.”

मागे कोणी म्हणालं, “आता हितंच व्हतं.”

दोन वर्षं शिकून आले आणि पहिल्याच बाळाला हरवून बसले! आणि सगळी गाडी निवांत. शोभाक्का तिकिटं फाडता फाडता म्हणाली, “येतंय की. गाडीतून कुठं जातंय ते?”

बीडला उतरताना बाळ परत आलं. डोक्यावर कुणाची तरी टोपी, मुठीत बिस्किट, आणि गाढ झोपलेलं. आई मागच्या दाराने उतरून माझ्यापाशी आली, बाळ घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. “तुमाला तरास न्हाई ना दिला?”

“तुम्ही काळजीत नव्हता?” मी विचारलं.

“कावून?” ती म्हणाली. “गाडी भरलेली व्हती की.”

मी या उत्तरावर अजून विचार करते आहे. मला जितकी गर्दी जास्त तितकी भीती जास्त वाटत होती. तिला उलट.

*

रफिकचाचांची लेक सौदीत दम्मामला असते. ती दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा चाचांनी तिला आमच्याच गाडीने बीडला आणलं. केज सोडलं आणि बाळाची दुधाची वेळ झाली. दूध गार होतं. नानांनी कुणी काही म्हणायच्या आत गाडी एका हॉटेलपाशी घेतली. हॉटेलवाल्याने बाटली गरम पाण्यात ठेवली, बाहेर आणली, आणि तिथून वाद सुरू झाला.

“लई गरम हाय,” एक आजी म्हणाल्या.

“कोमट हाय,” दुसऱ्या म्हणाल्या.

सिस्टरांनी मनगटावर थेंब घेतला. “जरा थांबा.”

मागून एक पाटील म्हणाले, “आमच्या वासराला याहून गरम देतो.”

“वासराचं काढू नका,” सिस्टर तडकल्या.

बाटली सीटसीट फिरली. प्रत्येकाने मनगट पुढे केलं. एकमत व्हायला एवढा वेळ लागला की दूध पुन्हा गार झालं! बाटली परत हॉटेलात. जोगदंड अण्णांनी मनगट वर केलं. मला वाटलं, झालं, आता घड्याळ दाखवणार. अण्णा म्हणाले, “माझ्या हातावर टाका की. माझं अजून राह्यलंय.”

*

आता ताईचं सांगते, कारण पुढचं सगळं तिचं आहे.

माझी मोठी बहीण प्रज्ञाताई नवऱ्याबरोबर हॉलंडमध्ये राहते. शिकताना मी तिच्याच घरी होते. तिला दोन मुलं. सम्यक पाच वर्षांचा आणि मैत्री दहा महिन्यांची. दोघं तिकडेच जन्मलेली. त्यांच्यासाठी बीड हाच परदेश!

तिकडच्या वाहतुकीचं मी वर्गात कौतुक शिकले आणि रस्त्यावर पाहिलं. बाबागाडी दिसली की बस एका अंगाने खाली झुकते, फुटपाथला टेकते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. एवढं मोठं यंत्र एका बाळासाठी गुडघा टेकतं! हे आपल्याकडे यायलाच पाहिजे आणि मी ते आणणार, यात आजही बदल नाही.

पण सम्यकला आवाज टोचतो. आपल्याला घंटी ऐकू येते, त्याला ती लागते. मग तो कान झाकून ओरडतो, आणि ओरडणं लवकर थांबत नाही. एकदा आम्ही तिकडच्या रेल्वेत होतो. सम्यक ओरडायला लागला. कुणी भांडलं नाही. एक जण उठून दुसऱ्या डब्यात गेला. मग एक बाई गेल्या. मग एकाने अगदी सभ्यपणे विचारलं, अजून किती वेळ चालेल हे? ताई उठली. म्हणाली, “आम्ही उतरतो.” तो म्हणाला, आभारी आहे.

आम्ही मधल्याच स्टेशनवर थंडीत उभे राहिलो. गाडी वेळेवर निघून गेली.

त्यानंतर दोन वर्षं ताईने सम्यकला बसमध्ये की रेल्वेत चढवलं नाही. या ऑक्टोबरात ती दोन्ही मुलांना घेऊन एकटी आली, तेव्हा विमानात तिने आजूबाजूच्या सगळ्यांना एकेक पुडी वाटली. आत कानात घालायची बोंडं, एक चॉकलेट आणि एक चिठ्ठी. ‘माझं नाव सम्यक. मी ओरडलो तर माफ करा.’ अशा पुड्या वाटायची तिकडे पद्धतच आहे. मला ती फार सुंदर वाटायची.

आल्या आल्या ताईने आईला सांगितलं, “पुढच्या वेळी मी मैत्रीला घेऊन येईन. सम्यक तिथंच राहील, त्याच्या पप्पांजवळ. मला आता लोकांची माफी मागवत नाही.”

आईच्या मांडीवर सम्यक बसला होता आणि तिच्या हिरव्या बांगड्या एकेक करून वर सरकवत होता, खाली आणत होता. आवाज न करता. आईने हात तसाच धरून ठेवला.

*

मी हार मानणाऱ्यातली नाही. केज वीस मिनिटांवर. मी ताईला म्हटलं, केजपर्यंत आमच्या गाडीने जाऊन येऊ. आपली माणसं आहेत. ताई म्हणाली, “पुड्या केल्या तरच.”

आदल्या दिवशी आम्ही दोघींनी पन्नास पुड्या बांधल्या. घरातलाच कापूस, लिमलेटची गोळी, आणि चिठ्ठी मी मराठीत लिहिली. ‘माझं नाव सम्यक. मी पाच वर्षांचा आहे. मला मोठे आवाज सहन होत नाहीत, म्हणून मी कधी कधी ओरडतो. तुम्हाला त्रास झाला तर आई आणि मी माफी मागतो. सोबत कानात घालायला कापूस आणि एक गोळी.’

गाडी सुटायच्या आधी मी वाटायला सुरुवात केली. पहिली पुडी एका आजींना. त्यांनी कपाळाला लावली. “जावळ काढलं का वं?”

“नाही आजी, चिठ्ठी आहे आत.”

“मला कुठं वाचाय येतंय?”

मग जोगदंड अण्णांनी उभं राहून, कोर्टात वाचावी तशी ती चिठ्ठी मोठ्यांदा वाचली. गाडी ऐकत होती. ताई खिडकीकडे तोंड करून बसली होती.

आजी म्हणाल्या, “माफी कावून मागतंय लेकरू? काय केलं त्येनं?”

“अजून काय न्हाई केलं,” अण्णा म्हणाले.

“मंग करू दे की आधी!”

एक माणूस कापसाचा बोळा दोन बोटांत धरून निरखत होता. “ताई, आमच्या घरात आढ्याला टेकलाय कापूस. झोपायला जागा न्हाई. अन तुमी आमाला बोळा देताय व्हय!”

रफिकचाचांनी मात्र बोळा पाहून सदऱ्याच्या खिशातून अत्तराची इवलीशी बाटली काढली. आपल्या बोळ्याला लावली, कानाच्या वरच्या पाळीत खोचला. शेजाऱ्याने आपला पुढे केला. मग त्याच्या शेजाऱ्याने. केज येईपर्यंत सगळ्या गाडीत खसचा सुवास दरवळत होता आणि चाळीस माणसांच्या कानांच्या पाळ्यांत कापूस. कानात एकाच्याही नाही!

*

त्याच फेरीतलं अजून एक. सम्यक दोनदा ओरडला. दोन्ही वेळा घंटीला. दुसऱ्यांदा ओरडला तेव्हा मागच्या सीटवरच्या एका तरुणाने मोबाइल वर धरला आणि शूटिंग सुरू केलं. माझं रक्त तापलं. कलम सात, मुलांचे फोटो काढू नयेत! मी उठणार तेवढ्यात शोभाक्का तिथे पोचली होती.

“तिकीट दाखवा.”

त्याने दाखवलं. पुन्हा मोबाइल वर.

“तिकीट दाखवा.”

“मघाशी दाखवलं की मॅडम!”

“परत दाखवा.”

त्याने दाखवलं. शोभाक्काने तिकीट उलटसुलट केलं, उजेडात धरलं, परत दिलं. दोन मिनिटांनी तिसऱ्यांदा. “तिकीट.”

“अवो किती वेळा?”

“तुमच्या हातात मोबाइल हाय ना, म्हणून मला नीट दिसत न्हाई.”

मोबाइल खिशात गेला. तिकीट तिला लगेच नीट दिसलं.

आणि केजला उतरताना माझ्या लक्षात आलं की त्या दोन घंट्यांनंतर तिसरी घंटी वाजलीच नव्हती. गाडी तर चार ठिकाणी थांबली होती. शोभाक्का प्रत्येक थांब्यावर मागच्या दारापासून पुढे चालत जाऊन, भरल्या गाडीतून वाट काढत, नानांच्या खांद्यावर थाप मारून येत होती. कुणाला काही न सांगता. मी रोज गाडीत असणारी, वाहतूक शिकलेली बाई, मला ते कळायला केज यावं लागलं!

ताईला सांगितलं. ती म्हणाली, “वीस मिनिटं होती, मित्रा. आपल्याला मावशीकडे बीडला जायचंय, ते दोन तासांवर आहे. दोन तास कोण सहन करेल?”

*

मावशीकडे जायला म्हणून ताईने खाजगी गाडी सांगितली. सकाळी जायचं, रात्री मावशीकडे राहायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीने परत. त्या दिवशी सकाळी सहाला गाडीवाल्याचा फोन आला. “ताई, क्लच गेलाय. उद्या परतीला शंभर टक्के येतो, आज तेवढं जमवा.”

मावशी चार वर्षांनी भेटणार होती. स्वयंपाकाला लागली होती. ताई बराच वेळ उंबऱ्यात उभी राहिली. मग म्हणाली, “पुड्या उरल्यात का?”

उरल्या होत्या दहा-बारा. मी पिशवीत घेतल्या.

केजपर्यंत छान. नेकनूरपर्यंत छान. शोभाक्का घंटीऐवजी चालतच होती. सम्यक खिडकीशी, मैत्री तिसऱ्या रांगेत कुणाच्या तरी मांडीवर. ताईचे खांदे जरा खाली आले. मला वाटलं, जमलं!

मांजरसुंबा सोडलं आणि घाट लागला. नानांनी गिअर बदलला आणि इंजिन घरघरायला लागलं. पुढे ट्रक, मागे ट्रक, हॉर्न. सम्यकने कान झाकले. ताईने त्याच्या हातांवर आपले हात ठेवले. तो ओरडायला लागला. नुसतं ओरडणं नव्हतं ते. त्याचं अंग ताठ झालं होतं, टाचा समोरच्या सीटवर आपटत होत्या आणि मध्येच एकेक शब्द फुटत होता. “आऊट! आऊट!”

पाच मिनिटं झाली. दहा झाली. कुणी काही बोललं नाही. पण ताईला ती शांतता ओळखीची होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. जोगदंड अण्णांनी मनगट वर केलं आणि घड्याळ पाहिलं.

ते ताईने पाहिलं. ती उठून उभी राहिली. “आम्ही उतरतो,” ती म्हणाली. तेच शब्द, तोच आवाज.

“अगं, मध्येच कुठं?” मी म्हटलं.

“आम्ही उतरतो, मित्रा. सगळ्यांना उशीर होतोय.”

शोभाक्काने तिच्याकडे पाहिलं. “उतरायचंय? बरं.” आणि पुढे जाऊन नानांच्या खांद्यावर हात ठेवला.

बरं! मला शोभाक्काचा एवढा राग आयुष्यात आला नव्हता. घाट संपून जरा मोकळी जागा आली होती, दोन कडुलिंबाची झाडं होती. गाडी थांबली. मी बॅगा घेतल्या, मैत्रीला तिसऱ्या रांगेतून घेतलं, ताईने सम्यकला उचललं. आम्ही चौघं उतरलो. ताई झाडाखाली गाडीकडे पाठ करून उभी राहिली. गाडी निघून जाताना तिला बघायची नव्हती.

मागे गाडीत जोगदंड अण्णांचा आवाज आला. “नाना, इंजन गरम झालंय वाटतं.”

नानांनी खिडकीतून झाडाकडे पाहिलं.

“वास येतोय मला,” अण्णा म्हणाले. “लई गरम झालंय. गार होऊ द्यावं लागल.”

“व्हय,” सिस्टर म्हणाल्या, “मला मघापासनं येतोय वास.”

इंजिन बंद झालं.

इतकी शांतता झाली की लिंबावरचे पक्षी ऐकू यायला लागले. सम्यकचा आवाज एकटाच उरला. मग त्याला स्वतःलाच तो मोठा वाटला की काय, त्याने श्वास घेतला. पुन्हा ओरडला, पण लहान.

अण्णा उतरले. मग चाचा सीताफळांची पाटी घेऊन उतरले. मग सिस्टर, मग बायका, मग बाप्ये, एकामागून एक सगळी गाडी खाली आली. कुणी पाय मोकळे करायला लागलं, कुणी झाडाच्या पलीकडे गेलं, बायकांनी पदर झटकले. चाळीस माणसं त्या लेकरापासून दहा पावलांवर उभी होती, आणि एकानेही त्याच्याकडे पाहिलं नाही. माझं पहिलं कलम! पर्समध्ये लॅमिनेट होऊन पडलेलं. ज्यांनी त्याची थट्टा केली होती, ती सगळी माणसं आभाळाकडे, डोंगराकडे, स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

नानांनी गाडीचं पुढचं झाकण उघडलं आणि आत डोकं घातलं. चार-पाच जण भोवती जमले आणि फार गंभीर चेहऱ्याने आत बघायला लागले.

“बीडवरनं मेकॅनिक बोलवायचा का?” एकाने विचारलं.

“नगं. गार झालं की चालल,” अण्णा म्हणाले. मी पाहिलं, त्यांनी घड्याळ काढून शर्टाच्या खिशात टाकलं होतं. त्यांच्या साहेबांचा बोर्ड बीडला टेबलाची वाट बघत होता.

चाचांनी एक पिकलेलं सीताफळ हातात घेतलं. आमच्याकडे आले. आणि आयुष्यात पहिल्यांदा आधी विचारलं. “बेटी, चालतंय का याला?”

ताईने मान डोलावली. चाचांनी फळ तिच्या हातात दिलं आणि सम्यककडे न बघता परत गेले.

पंधरा मिनिटं झाली असतील, वीस झाली असतील. सम्यक ताईच्या कडेवरून उतरला. सीताफळाच्या बिया तो जमिनीवर एका ओळीत मांडत होता. मग उठला आणि थांबलेल्या, गप्प गाडीकडे चालत गेला. चाकाला हात लावला. चाकावरून मागे, मागून पुढे, असा पूर्ण फेरा घातला. माणसं बोलत बोलत बाजूला सरकत होती, त्याला वाट देत होती, आणि बोलणं चालूच ठेवत होती. तो पायरीपाशी आला आणि स्वतः चढून खिडकीशी बसला.

ताई अजून झाडाखालीच होती. “गाडीला खरंच काय झालं, मित्रा?” तिने विचारलं. “आपल्यामुळे नाही ना थांबले हे?”

मी नानांकडे गेले. “नाना, काय झालंय गाडीला?”

“गरम,” नाना म्हणाले. त्यांच्या दहातला एक शब्द.

तेवढ्यात अण्णा पाण्याची मोठी बाटली घेऊन धावत आले. “हे घ्या नाना, ओता ओता, रेडिएटरमधी ओता.”

नानांनी बाटली घेतली. झाकण काढलं. मान वर केली आणि सगळं पाणी घटाघटा स्वतःच पिऊन टाकलं. मग गाडीचं झाकण लावलं आणि म्हणाले, “झालं. बसा.”

*

त्या रात्री आम्ही मावशीकडेच राहिलो. सकाळी सातला गाडीवाल्याचा फोन आला. क्लच दुरुस्त झाला होता, गाडी निघायला तयार होती. ताई आत मैत्रीला अंघोळ घालत होती. परतीच्या एसटीत ना शोभाक्का असणार होती, ना नाना. सगळी अनोळखी माणसं. तरी मी गाडीवाल्याला यायला नको म्हणून सांगितलं. उरलेल्या पुड्यांची पिशवी मावशीच्या फडताळात ठेवली. मग सम्यकचा एक रुमाल त्याच्या हातात दिला आणि एसटीची खिडकी दिसली की तो कसा आत टाकायचा, ते त्याला अंगणात दाखवायला लागले.